सोडलेलं मांजर

चहा कपाच्या बाहेर पडला. हात थरथरला नव्हता, भांडं निसटलं नव्हतं. मी रोजच्यासारखाच कपावर नेम धरून ओतला आणि धार कपाच्या चांगली अलीकडे, टेबलावर पडत राहिली. कप दिसत होता, धारही दिसत होती. दोघांमधलं अंतर तेवढं कुणी काढून नेल्यासारखं झालं होतं. चहा टेबलाच्या कडेवरून माझ्या पायावर आला तेव्हा कुठे मी भांडं खाली ठेवलं.

"टेबलाला पाजताय व्हय चा?" पायरीवर बसलेल्या गोजराबाई म्हणाल्या. माझं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती एके काळी त्यांची. कासार आंबोलीत आमच्या बाजूचे बंगले सगळे शनिवार-रविवारचे. रोज दिवा लागतो तो त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. सकाळी त्या काहीतरी घेऊन येतात, आज शेवग्याच्या शेंगा होत्या, आणि चहा होईपर्यंत गावाचा समाचार घेतात.

"लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

"लक्ष नव्हतं म्हनं. आमच्या उंबराला चिरा पाडायला यायचा, तवापास्नं बगतीया मी तुमाला. चिकाचा थेंब कदी भुईवर सांडू दिला न्हाई. आन् आज समदा चा सांडला?"

"वय झालं, गोजराबाई."

"वय मलाबी झालंया. मी न्हाई सांडत."

त्या गेल्यावर मी टेबल पुसायला घेतलं. पुसताना हात कडेच्या पलीकडे जाऊन रिकाम्या हवेत फिरला. फडकं तसंच टाकून मी पुस्तकांच्या कपाटापाशी गेले आणि जुन्या नियतकालिकांच्या गठ्ठ्यातून एक अंक काढला. आमच्या धंद्यात, म्हणजे रेणूंचे आकार शोधण्याच्या कामात, पूर्वी रेणूचं चित्र एकटं छापत नसत. शेजारी शेजारी दोन चित्रं असत, एकमेकांपासून किंचित वळलेली. डोळे सैल सोडायचे, कागदाच्या पलीकडे कुठेतरी बघत राहायचं, मग त्या दोन चित्रांच्या मध्ये तिसरं चित्र हळूहळू वर येतं आणि कागदातून उठून उभं राहतं. अणू पुढे-मागे होतात, वळणं आत जातात, बाहेर येतात. नव्या मुलांना हे जमायला आठवडे लागत. मला पहिल्याच दिवशी जमलं होतं. नंतर तर बसमध्ये, मीटिंगमध्ये, लग्नाच्या मांडवात अंक उघडून मी डोळे सैल सोडले की माझ्यापुरतं ते तिसरं चित्र घरासारखं उभं राहायचं. आज मी अंक जवळ धरला, लांब धरला, खिडकीशी नेला. दोन चित्रं दोनच राहिली, सपाट, वर्तमानपत्रातल्या बुटांच्या जाहिरातीसारखी. उजवा डोळा झाकला तर डाव्याने पान ओल्या कागदासारखं फुगलेलं दिसलं आणि मधोमध राखी डाग.

कोथरूडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डाव्या डोळ्याचा पडदा विरत चाललाय, हळूहळू जाईल. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. हळूहळू या शब्दावर मी निवांत होते. आणि जान्हवी दुपारी येणार होती.

जान्हवी माझी शेवटची विद्यार्थिनी. मी निवृत्त झाले तेव्हा तिचा प्रबंध अर्धा होता; तो मी घरी बसून पुरा करून घेतला, याच टेबलावर. आता ती एका संशोधन संस्थेत करारावर आहे आणि भुकूमला राहते. तिने अभ्यासाला धरलेला जंतू औषधं पचवून टाकतो. ज्या एन्झाइमने तो हे करतो त्याच्या अंगावर एक खाच आहे, औषध त्या खाचेत येऊन बसतं आणि तुटतं. रसायनवाल्यांनी एक नवा रेणू बनवलाय, तो त्या खाचेत जाऊन बसला की एन्झाइमचं तोंड बंद. तो रेणू खाचेत बसलेला दिसतो असा जान्हवीचा निबंध आहे. नियतकालिकाच्या परीक्षकाने शंका काढली. पुढच्या आठवड्यात कायम जागेची मुलाखत, आणि त्या मुलाखतीत दाखवायला तिच्यापाशी एवढंच आहे. "मॅडम, तुम्ही एकदा बघा फक्त," ती काल फोनवर म्हणाली. "कौस्तुभ सर म्हणाले, मॅडमनी पाहिलं आणि आहे म्हणाल्या असं कळवलं तर कुणी पुढे बोलणार नाही." कौस्तुभ तिच्या संस्थेचा प्रमुख, तोही माझ्याच हाताखाली शिकलेला. माझ्या डोळ्यावर माझे विद्यार्थी नोटेवर ठेवावा तसा विश्वास ठेवतात. ये, बघते, असं मी म्हटलं होतं. म्हणताना मला फार बरं वाटलं होतं, हेही खरं.

ती येईपर्यंत मी घरभर स्वतःची परीक्षा घेत हिंडले. जिन्याची शेवटची पायरी पायाला आधीच लागली. सुईत दोरा ओवून पाहिला, दोरा दर वेळी सुईच्या पुढून जायचा. नळ धरायला गेले तर बोटं नळावर आपटली. उरवड्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक रस्त्यावरून जात होते आणि खिडकीची काच दर वेळी थरथरत होती. मला प्रत्येक ट्रक अंगणातच शिरल्यासारखा वाटायचा. फोन करून सांगावं का, येऊ नकोस म्हणून? काय सांगायचं? डोळा गेला हे एकदा कळलं की नंतर ती येईल तेव्हा फळं घेऊन येईल, लॅपटॉप घेऊन येणार नाही.

नरहरी सर असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता: मांजर सोडलं का? आमच्या प्रयोगशाळेतला हा शब्द बाहेर कुणाला कळायचा नाही. सर साताऱ्याकडचे. घरात मांजर जड झालं की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यायचं ही तिकडची रीत. घरचं असेल तर परत येतं, उपरं असेल तर जातं. आमच्या कामाचा सगळा घोळ असा की एन्झाइमसारखं प्रथिन डोळ्यांनी दिसत नाही. त्याचा स्फटिक वाढवायचा, त्यातून क्ष-किरण सोडायचे, पलीकडे ठिपके पडतात, आणि त्या ठिपक्यांवरून गणित करून एक धुकं मिळतं. ते धुकं जिथे दाट तिथे अणू आहेत असं समजून त्यात रेणूची साखळी बसवायची. पण ठिपक्यांमधून अर्धीच माहिती येते. उरलेली अर्धी गणिताला आपल्याच बसवलेल्या साखळीतून उसनी घ्यावी लागते. म्हणजे आपण धुक्यात जे ठेवू, त्याची सावली पुढच्या धुक्यात आपोआप उमटते. ठेवलेलं दिसतं, आणि दिसलं म्हणून आपण आणखी खात्रीने ठेवतो. शहाणी शहाणी माणसं यात फसली आहेत. म्हणून सरांचा नियम: ज्याच्यावर जीव जडलाय ते आधी काढून टाका, ते नाहीच असं समजून पुन्हा गणित करा. खरं असेल तर धुकं त्या जागी स्वतःहून पुन्हा दाटेल.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा संगणकाचा पडदा नव्हता. धुक्याच्या समोच्च रेषा पारदर्शक पत्र्यांवर शाईने काढायच्या, पत्रे एकावर एक रचायचे आणि खालून दिवा लावायचा. गणित मुंबईला पाठवावं लागायचं, उत्तर यायला आठवडे जात. त्या दिव्याच्या उजेडात सरांना एकदा उंबराच्या एन्झाइमच्या खाचेशेजारी एक धातूचा अणू दिसला. हे एन्झाइम उंबराच्या चिकातलं. चीक आणायला मी या गावात यायचे, गोजराबाईंच्या सासूबाई अट घालायच्या की दत्ताचं झाड आहे, गुरुवारी चीर पाडायची नाही आणि पाडलेल्या चिरेला जाताना हळद लावायची. मी लावायचे. हातांना येणारा तो चिकाचा कडवट वास घेऊन प्रयोगशाळेत जायचे, आणि सर विचारायचे, झाडाने परवानगी दिली का? त्या धातूच्या अणूने सगळं जुळत होतं. एन्झाइम चालतं कसं, हे उलगडत होतं. सरांनी एकेकाला दिव्यापाशी बोलावलं. दिसतंय? सगळे म्हणाले, दिसतंय. मलाही दिसत होतं, अगदी स्पष्ट, मुगाएवढं गोल. सर म्हणाले, छान, आता मांजर सोडा. गणिताच्या पंचकार्डांचा गठ्ठा मुंबईच्या संगणकाकडे गेला. सर त्या दिवसांत जेवणाचा डबा भिंतीकडे तोंड करून खायचे. उत्तर आलं. नवे पत्रे रचले, दिवा लावला आणि मुगाच्या जागी काही नव्हतं. सरांनी स्वतः स्पिरिटचा बोळा घेतला आणि जुन्या पत्र्यांवरची शाई पुसत बसले. ते पत्रे महाग असत, पुन्हा वापरावे लागत. पदोन्नती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली, पुढच्या वर्षीही. त्यांच्या घरी गेले की त्यांची बायको मला विचारायची, यांना एवढं काढून बघायची काय गरज होती गं?

आमच्या घरीही एक मांजर सोडलं होतं, वाईला, मी लहान असताना. आईने शेजाऱ्याकरवी कृष्णेच्या पलीकडे नेऊन सोडलं. मी ओसरीवर बसून राहायचे. संध्याकाळी समोरच्या कौलांवर मला ते दिसायचं, पाठ वाकडी करून बसलेलं, एक कान मुडपलेला. मी हाका मारायचे. आई बाहेर येऊन म्हणायची, अगं फुटकं मडकं आहे ते. मी मान्य करायचे आणि दुसऱ्या दिवशी मला ते पुन्हा दिसायचं, कानासकट. किती दिवस दिसत होतं कोण जाणे. ज्या दिवशी दिसेनासं झालं त्या दिवशी मी रडले, परत आलं नाही म्हणून नव्हे, मडकं मडक्यासारखं दिसलं म्हणून.

स्कूटरचा आवाज आला. जान्हवी हेल्मेटसकटच आत आली, वाकून नमस्कार करताना ते माझ्या गुडघ्याला लागलं आणि आम्ही दोघी हसलो. ती वाळली होती. पाणीही न पिता तिने टेबलावरचं फडकं बाजूला सारलं, लॅपटॉप उघडला आणि नेहमीच्या सवयीने माझ्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसली. त्या बाजूला मला ती नव्हतीच. नुसता आवाज होता, आणि बोटाची नखं एकमेकांवर टिकटिक वाजवायची तिची जुनी खोड.

"ही खाच. आणि हे बघा मॅडम, हा आमचा रेणू."

पडद्यावर निळ्या जाळीचं धुकं होतं आणि त्यात पिवळ्या काड्यांचा तिचा रेणू. एका डोळ्याने ते चित्र भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखं होतं. "फिरव," मी म्हटलं. तिने फिरवलं, आणि फिरताना पुढचं भरभर सरकलं, मागचं सावकाश, तशी चित्राला खोली परत आली. दुसरी कुठलीतरी, उसनी, पण आली. "थांबवू नकोस. फिरवत राहा."

"दिसतंय ना?"

दिसत होतं. निळी जाळी पिवळ्या काड्यांना अंगरख्यासारखी धरून होती. कड्याच्या जागी कडं, शेपटीच्या जागी शेपटी. सुंदर होतं. एन्झाइमच्या त्या खाचेत तो रेणू इतका बरोबर बसत होता की बसलेला नसणं अन्यायाचं वाटावं.

"पातळी किती ठेवलीयस?"

नखांची टिकटिक थांबली. "जरा खाली आहे."

"वर ने."

पातळी म्हणजे किती दाट धुकं दाखवायचं ते. खाली आणली की विरळ काहीबाहीही दिसू लागतं, वर नेली की ठाम असेल तेवढंच उरतं. मे महिन्यात मुळशी धरणाचं पाणी उतरलं की गोजराबाई मला धरणाकाठी नेऊन चिखलातले धोंडे दाखवतात, ही त्यांच्या आज्याच्या बुडालेल्या घराची ओटी, हे जातं ठेवायची जागा. मला धोंडे दिसतात. तिने पातळी वर नेली. एन्झाइमची साखळी जशीच्या तशी उभी राहिली, आणि पिवळ्या काड्यांवरची जाळी आधी शेपटीकडून, मग कड्याच्या एका बाजूने, विरलेल्या कापडासारखी फाटत गेली.

"जान्हवी, मांजर सोडलंस का?"

"सोडलं."

"मग?"

"आलं... थोडंसं आलं, मॅडम."

"थोडंसं मांजर येतं होय?"

"शेपटी आली," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसणं लांबलं, मग मध्येच तुटलं. तिचा चेहरा बघायला मला पूर्ण मान वळवावी लागली असती. मी वळवली नाही. तिने मला तो दाखवायला नको असेल असं वाटलं. खरं म्हणजे मलाच बघायचा नव्हता. "मॅडम, तीन वर्षं झाली. आता तर संगणक साखळीच्या नुसत्या अक्षरांवरून अख्ख्या प्रथिनाची घडी सांगतो, लोक विचारतात तुमचं काम काय मग. आमच्याकडे हा एक रेणू आहे. परीक्षकाला नक्की नाही म्हणता येत नाहीये. तुम्ही आहे म्हणालात तर..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कौस्तुभ. तिने मला न विचारता स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

"मॅडम, नमस्कार! काय म्हणतेय मुळशी? हवा खाताय नुसती?"

"खातेय बाबा."

"आमच्यासाठी पाठवा थोडी. इथे जीव घुसमटतोय. बरं, बघितलंत ना जान्हवीचं? आहे ना? तुम्ही एक शब्द बोला, मी लगेच उत्तर पाठवतो."

मी पडद्याकडे बघत होते. फिरणं थांबलं होतं, सगळं पुन्हा सपाट झालं होतं. आहे, एवढाच शब्द. जान्हवीला जागा मिळेल, ती दर महिन्याला स्कूटर घेऊन येईल, आणि तो रेणू तिथे नाही हे सिद्ध व्हायला वर्षं जातील, तोवर मी असेन की नसेन. किंवा नाही म्हणावं, मग तिची जागा गेली ती माझ्या तोंडून. आणि तिसरी वाट सगळ्यांत स्वच्छ होती: कौस्तुभ, माझा डोळा गेलाय रे, मला विचारू नकोस. शब्द न् शब्द खरा. कुणी मला बोल लावला नसता. तो म्हणाला असता, अरेरे, काळजी घ्या. जान्हवी हे सगळं घेऊन दुसऱ्या कुणाकडे गेली असती आणि त्या दुसऱ्याला पातळी विचारायचं सुचलं नसतं. ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. पलीकडे कौस्तुभ वाट बघत होता, त्याच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज फोनमधून येत होता.

"धुक्याचा नकाशा जान्हवीचा आहे," मी म्हटलं. "मांजर तिने सोडलंय. काय झालं ते ती सांगेल." आणि फोन उचलून डाव्या बाजूच्या रिकाम्या अंधुकात पुढे धरला. कुठवर धरायचा ते कळत नव्हतं. तिच्या हाताने तो माझ्या हातातून घेतला. हात गार होता.

"जान्हवी?" कौस्तुभ म्हणाला.

बाहेर एक ट्रक गेला. काच थरथरली आणि थांबली.

"सर," ती म्हणाली, "काढून गणित केलं की तिथे काही येत नाही. रेणू तिथे नाहीये."

"मॅडम म्हणाल्या असं?"

"नाही सर. मी म्हणतेय. मला आधीच माहीत होतं."

पंखा फिरत राहिला. मग तो म्हणाला, "ठीक आहे. सोमवारी बोलू," आणि फोन बंद झाला.

"तुम्ही आहे म्हणाला असतात तर मी तेवढं घेऊन निघून गेले असते, मॅडम," ती म्हणाली. आवाज वरच्या पट्टीतला, भांडणाचा होता. असा आवाज तिने माझ्यापुढे कधी काढला नव्हता. "मी त्याच्यासाठीच आले होते. एवढी वर्षं तुमचं ऐकलं. एक दिवस तुम्ही माझं ऐकायला काय झालं असतं? आता मुलाखतीत काय दाखवू? रिकामी खाच?"

नरहरी सरांची बायकोही असंच विचारायची. ती उठेल, लॅपटॉप मिटेल आणि जाईल असं वाटलं. मी कान देऊन बसले. ती उठली नाही. माउसचा आवाज झाला आणि पडद्यावरच्या पिवळ्या काड्या एकदम नाहीशा झाल्या. तिने रेणू काढून टाकला होता. खाच उघडी पडली, आत निळ्या धुक्याचे दोन-चार लहान पुंजके, एन्झाइमची एक कड किंचित आत झुकलेली. झुकलेली होती की मला सपाट चित्रात तसं वाटत होतं?

"ही कड नेहमी अशीच असते का?" मी विचारलं.

"कुठली?"

"फिरव बघू. आणि इकडे ये, माझ्या उजव्या बाजूला बस. डाव्या डोळ्याने मला आता दिसत नाही."

खुर्ची फरशीवर घासत माझ्या पाठीमागून उजवीकडे आली. मग मला ती दिसली. नाकाचा शेंडा लाल, हेल्मेटने दबलेले केस, आणि नजर पडद्याकडे नव्हे, माझ्या डोळ्याकडे.

"कधीपासून, मॅडम?"

"ते नंतर," मी म्हटलं. "तू आधी फिरव."